१९७७ चा कौल: देशाची नीतिमत्ता की आपापल्या अंगावरचे वळ?

सातपुडा (धागाकर्ता)

निवडणुकीवर कुठेही वाद सुरू झाला की कोणीतरी १९७७ काढतंच. "या देशातल्या गरीब, अडाणी माणसाने हुकूमशाही उलथवली, नीतिमत्तेचा याहून मोठा पुरावा कोणता?" शाळेत गुरुजींकडून ऐकलं, आता नातेवाइकांच्या ग्रुपवर दर जूनमध्ये वाचतो. त्या निवडणुकीबद्दल मला नितांत आदर आहे. पण निकाल राज्यवार मांडून पाहिला की हे विधान तसंच्या तसं गळी उतरत नाही.

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागली. १९७६ च्या मार्चमध्ये लोकसभेची मुदत संपत होती, ती वाढवून घेतली गेली. मतदारांनी दिलेली मुदत संपली, पुढे बसण्याचा अधिकार नाही, म्हणून मधू लिमये आणि शरद यादव यांनी तुरुंगातूनच राजीनामे दिले. १८ जानेवारी १९७७ ला निवडणुकीची घोषणा झाली, १६ ते २० मार्च मतदान. काँग्रेस १५४, जनता पक्ष २९५. खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या, संजय गांधी अमेठीत पडले. उत्तर प्रदेशातल्या ८५, बिहारमधल्या ५४, शिवाय पंजाब, हरयाणा, हिमाचल, दिल्ली, कुठेही काँग्रेसला एक जागा नाही.

आता खाली या. आंध्रात ४२ पैकी ४१ काँग्रेसच्या, उरलेली नंद्याळची एक नीलम संजीव रेड्डींची. कर्नाटकात २८ पैकी २६. केरळात २० च्या २० काँग्रेस आणि मित्रपक्षांच्या.

खटल्याशिवाय तुरुंगात डांबणारा मिसा कायदा दोन्हीकडे तोच. वर्तमानपत्रांवरची बंधनं तीच. आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दादसुद्धा मागता येणार नाही हा सुप्रीम कोर्टाचा एप्रिल १९७६ चा निकाल दोघांनाही सारखाच लागू. मोठा फरक नसबंदीच्या सक्तीचा. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंद्या झाल्या, आणि जबरदस्तीचा जोर उत्तरेत होता. शिक्षकांना माणसं आणण्याचा कोटा, कोटा पुरा नाही झाला तर पगार बंद. मुझफ्फरनगरला लोकांवर गोळीबार झाला. दिल्लीत तुर्कमान गेटला घरांवर बुलडोझर फिरले आणि विरोध करणाऱ्यांवर गोळ्या चालल्या.

स्वतःला चटका बसल्यावर मत फिरतं, त्यात वाईट काहीच नाही. पण देशाची नीतिमत्ता मला तिथे शोधावीशी वाटते, जिथे चटका दुसऱ्याला बसला आणि तरी माझं मत फिरलं. १९७७ ला असं मत कुठे पडलं? आणि आज पडतं का? ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांनी जरूर लिहावं.

मुळाकाठ

सातपुडा, तुमचा प्रश्न रास्त आहे, पण तसं मत पडलं होतं. मी पाहिलंय.

मी तेव्हा पुण्यात कॉलेजला. आमच्या घरात कोणाच्या केसाला धक्का लागला नव्हता. वडील सरकारी नोकर, गाड्या वेळेवर येतात, कचेरीत माणसं जागेवर सापडतात, म्हणून सुरुवातीला खूशच होते. मग कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष म्हणून दुर्गाबाई भागवत उभ्या राहिल्या. समोर स्वागताध्यक्ष खुद्द यशवंतराव चव्हाण, आणि बाईंनी तुरुंगात आजारी पडलेल्या जयप्रकाश नारायणांसाठी सगळ्यांना प्रार्थनेला उभं केलं. ही बातमी पेपरात धड आली नाही, तोंडोतोंडी आली. आमच्याकडे ती एका शेजाऱ्याने दार लावून घेऊन सांगितली. वडील त्या दिवसापासून गाड्यांचं कौतुक करायचे थांबले.

निवडणुकीत सभेच्या शेवटी चादर फिरायची. चार माणसं चार टोकं धरून गर्दीतून चालायची आणि लोक त्यात पैसे टाकायचे. सुट्टे नसले तर बायका पदराची गाठ सोडून शेजारणीकडून मोडून घ्यायच्या. पु. ल. देशपांडे भाषणाला येणार म्हटलं की संध्याकाळी चारपासून माणसं जागा धरून. ज्याला मत द्यायचं त्यालाच पैसे द्यायचे, ही गोष्ट आज सांगितली तर माझ्या नातवाला खरी वाटत नाही. त्या चादरीत पैसे टाकणाऱ्यांतले किती नसबंदीच्या भीतीने आले होते? आमच्या पेठेत तरी कोणी नाही. ते तुरुंगातल्या माणसांसाठी आले होते.

गोदूमावशी

मुळाकाठ काका, अंगावर काटा आला वाचून.

मुंबईच्या सहाही जागा तेव्हा काँग्रेसने गमावल्या. मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर, दोघी तुरुंगवास भोगलेल्या, दोघी निवडून आल्या. "पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में" ही घोषणा माझी आई अजून म्हणते.

पण मुंबईला झळ लागली नव्हती असं मात्र कोणी समजू नये. मे १९७६ मध्ये मानखुर्दजवळची जनता कॉलनी पाडली. हजारो कुटुंबं एका फटक्यात उचलून चीता कॅम्पला नेऊन टाकली, पावसाळा तोंडावर असताना. दाद मागायला जागा नव्हती. त्यामुळे मुंबईच्या निकालात चटका बसलेले आणि न बसलेले असे दोन्ही आहेत.

वेदवती

मी हैदराबादची. आमचं मराठी कुटुंब निजामाच्या काळापासून इथे आहे. दक्षिणेच्या निकालाकडे मराठी माणूस नेहमी जरा वरून बघतो, त्याचं मला वाईट वाटतं, म्हणून लिहिते आहे.

आणीबाणीतल्या सरकारच्या वीसकलमी कार्यक्रमाची उत्तरेत जशी बदनामी झाली तशी इथल्या खेड्यांत झाली नाही. घरासाठी जागेचे पट्टे मिळाले. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ ला संसदेत झाला. सावकाराचं कर्ज काही काळ मागे हटलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या नावावर जमिनीचा कागद झाला होता, आणि आमच्या घरासकट सगळ्या गल्लीत तो कागद तिने वाचून घेतला होता. पुन्हा पुन्हा. शिक्का कुठे आहे ते बोटाने दाखवून. तिने गाय-वासराला, म्हणजे काँग्रेसच्या तेव्हाच्या चिन्हाला, मत दिलं. ती नीतीने कमी पडली असं मला कोणी सांगू नये. तिच्या सात पिढ्यांत कोणाकडे असा कागद नव्हता.

सातपुडा, तुमच्या मोजपट्टीने तर ज्याचं पोट भरलेलं आहे त्याचंच मत नैतिक ठरेल. दुसऱ्याच्या चटक्याचा विचार करायला आधी स्वतःचा हात आगीतून बाहेर असावा लागतो.

सातपुडा (धागाकर्ता)

वेदवतीताई, त्या बाईंच्या मताला मी कमी लेखत नाही आणि लेखणारही नाही. कागद देणाऱ्याला मत देणं हा कृतज्ञतेचा भाग आहे, आणि कृतज्ञता ही नीतीच आहे.

माझा रोख वेगळ्या ठिकाणी आहे. दुसऱ्याचा चटका कळायला बातमी पोचावी लागते. केरळचं उदाहरण घ्या. राजन नावाचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी मार्च १९७६ मध्ये पोलिसांनी कॉलेजच्या होस्टेलवरून उचलला आणि तो कोठडीत छळाने मेला. त्याचे वडील वर्षभर मंत्र्यांच्या दारात खेटे घालत होते. निवडणुकीत केरळने सगळ्या २० जागा सत्ताधारी आघाडीला दिल्या. निकालानंतर वडिलांनी हायकोर्टात अर्ज केला, खरं बाहेर आलं आणि करुणाकरन यांना मुख्यमंत्री झाल्यावर महिनाभरातच राजीनामा द्यावा लागला. राजनला उचललं तेव्हा तेच गृहमंत्री होते. तोच मतदार, मधे जेमतेम महिना. राजनची हकीकत मतदानाआधी छापता आली असती तर? केरळच्या माणसाची नीती मार्चमध्ये कमी आणि एप्रिलमध्ये जास्त होती असं कसं म्हणणार? त्याला अंधारात ठेवलं होतं.

म्हणून निवडणुकीचा निकाल हे देशाच्या मनाचं चित्र खरं, पण त्या मनाला काय कळू दिलं होतं हे आधी विचारायला हवं.

बालाघाट

दक्षिण-उत्तर सोडा, आपल्या घरात बघा.

नसबंदीच्या सक्तीचा विषय निघाला की आपण यूपी-बिहार-हरयाणा म्हणून मोकळे होतो. बार्शीत जानेवारी १९७६ मध्ये रस्त्यावरून माणसं उचलून नेऊन नसबंद्या केल्या. बाजाराला आलेले खेड्यातले शेतकरी. कोण म्हातारा, कोणाला मूलबाळ नाही, कोणी बघितलं नाही. माझं आजोळ त्याच भागातलं. माझे एक चुलत आजोबा त्यानंतर बरीच वर्षं बार्शीच्या बाजाराला गेले नाहीत. बैल घ्यायचा असला तरी दुसऱ्या गावच्या बाजाराला जायचे. का, ते घरात कोणी मोठ्याने बोलत नसे.

आणि देशात पहिल्यांदा सक्तीच्या नसबंदीचं विधेयक कुठल्या विधिमंडळाने मंजूर केलं? महाराष्ट्राच्या. १९७६. तीन मुलं झाली की शस्त्रक्रिया, नाही केली तर शिक्षा. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, एवढंच. हात वर करणारे आमदार आपणच निवडून दिलेले होते.

मग १९७७ ला महाराष्ट्राने काय केलं? ४८ पैकी काँग्रेस २०, जनता १९, शेकाप ५, मार्क्सवादी ३, रिपब्लिकन १. विदर्भात बहुतेक जागा काँग्रेसने राखल्या. आपण ना उत्तरेसारखे उसळलो ना दक्षिणेसारखे थांबलो. याचा अर्थ मला नीट लागलेला नाही, पण पुरोगामी महाराष्ट्र म्हणून मिरवताना ते विधेयक कोणी आठवत नाही, हे मला डाचतं. शाळेच्या पुस्तकात फुले-शाहू-आंबेडकर आहेत आणि असायलाच हवेत. त्याच पानावर १९७६ चं विधेयकही हवं.

पाचोळा

बालाघाट, +१. शेवटचा परिच्छेद सोन्याचा आहे.

मी आणखी पुढे जाईन. १९७७ च्या मार्चमध्ये बिहारने काँग्रेसची पाटी कोरी केली. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच बिहारमध्ये बेलछीला अकरा माणसांना मारून आगीत टाकलं, त्यातले बहुतेक दलित. मतदानाला तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. ज्यांनी मुक्तीचा गुलाल उधळला त्या समाजाला हा जाळ दिसला नाही. ऑगस्टमध्ये इंदिरा गांधी हत्तीवर बसून चिखलातून तिथे पोचल्या आणि त्यांच्या परतीचा रस्ता तिथून सुरू झाला. त्यांचा हेतू काहीही असो, तिथल्या बायांना विचारपूस करायला कोण आलं तर त्या आल्या.

आणि आपला मराठवाडा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगाव दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळेंना मारलं. नाव बदलायला, तेही अर्धं, १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. या भागात वर्षभरापूर्वी आणीबाणीविरुद्धच्या सभा दणक्यात झाल्या होत्या. स्वातंत्र्य हवं म्हणणारी तीच गावं शेजारच्या वस्तीला काय वागवत होती?

सातपुडांच्या मोजपट्टीने मोजायचं तर मग पूर्ण मोजा.

हिरडा

सगळे जुन्यात रमलेत, मी आजचं सांगतो. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, नाशिक-नंदुरबार पट्ट्यात नोकरी झाली. निवडणुकीची ड्युटी आमच्या पाचवीला पुजलेली.

जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी, या दोन गावांची निवडणूक रद्द केली. कारण? सरपंचपदाचा लिलाव. उमराण्यात बोली २ कोटी ५ लाखांवर गेली, खोंडामळीत ४२ लाखांवर. व्हिडिओ बाहेर आले म्हणून ही दोन गावं सापडली. उमराण्याचा पैसा देवळाच्या कामाला जाणार होता.

लोक 'लक्ष्मीदर्शना'ला नावं ठेवतात, मतदानाच्या आदल्या रात्री पाकीट घरोघर फिरतं म्हणून. त्यात निदान प्रत्येकाचं मत प्रत्येकाच्या हातात राहतं. पाकीट घेऊन माणूस दुसरं बटण दाबतो, हे पॅनलवाल्यांना चांगलं माहीत असतं. लिलावात मत द्यायची वेळच येत नाही. बोली कोण बोलतो? ज्याच्याकडे कांद्याचा, दारूच्या दुकानाचा, नाहीतर जमिनीच्या व्यवहाराचा पैसा. कडेला कोण उभं असतं? ज्याच्याकडे एका मताशिवाय काही नाही.

एका केंद्रावरची गोष्ट सांगतो, गाव सांगत नाही. मी केंद्राध्यक्ष. दुपारी एक म्हातारी नातवाचा हात धरून आली. नातू म्हणाला, आजीला दिसत नाही, बटण मी दाबतो. नियमाने अशा मतदाराला सोबती घेता येतो, मी फॉर्म काढला. आजी म्हणाली, "मला चित्र दिसत नाही, पण ओळ मोजता येती. वरून कितवं ते सांग, हात माझा." यादी मी तिला क्रमाने वाचून दाखवली, सगळ्या उमेदवारांची, प्रतिनिधींच्या देखत. मग ती एकटी पुठ्ठ्याच्या आडोशाला गेली. नातू बाहेर तोंड पाडून उभा. त्याने कोणाला तरी शब्द दिला असावा.

त्या गावात लिलाव झाला असता तर आजी घरीच बसली असती.

मुळाकाठ

हिरडा गुरुजी, नमस्कार आहे तुम्हाला. यादी वाचून दाखवलीत ही फार मोठी गोष्ट केलीत.

कोयनामाई

मी लिलावाची बाजू घेत नाही, पण बिनविरोधाची थोडी घेते. आमच्या गावात निवडणूक म्हणजे भावकीत पाच वर्षांचं वैर. एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, विहिरीच्या पाण्याची पाळी बंद करतात, एका वर्षी तर मयताला खांदा द्यायला माणसं कमी पडली. बिनविरोध झाली त्या वर्षी गावजत्रा एकत्र झाली. शहरातल्या लोकांना हे कळत नाही. देवळाला पैसा देऊन भांडण मिटत असेल तर गावकऱ्यांना ते पुण्यच वाटणार. ती माणसं नीतिभ्रष्ट नाहीत.

हिरडा

कोयनामाई, तुम्ही म्हणता ते वैर मी पाहिलंय, त्याचा त्रास खरा आहे. पण बिनविरोधाच्या बैठकीला कोण बसतं ते बघा. पारावर बाया नसतात. वस्तीवरची माणसं कडेला उभी असतात, बसत नाहीत. राखीव जागा असेल तर नाव कोणाचं लावायचं हेही पारावरच ठरतं. ७३ व्या घटनादुरुस्तीने बाईला खुर्ची दिली, पारावरच्या बैठकीने तिचा नवरा बसवला. शांतता झाली खरी, पण कोणाला गप्प करून झाली हे विचारायला नको का? गावजत्रा एकत्र करायला निवडणूक रद्द कशाला करावी लागते?

गोदूमावशी

बायांचा विषय निघालाच आहे म्हणून. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत मतदार यादीतून सुमारे २८ लाख बायकांची नावं गळली. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढंच सांगितलं, विशेषतः उत्तरेकडे. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम भूमिका घेतली की स्वतःच्या नावाशिवाय नोंद होणार नाही. तेव्हा आरडाओरड झाली. पण पुढच्या निवडणुकीपर्यंत बहुतेकींनी नावं दिली. देशाची नीतिमत्ता म्हणताना सगळं मतदारांवर टाकू नका. एका अधिकाऱ्याने सोपं ते केलं नाही, आणि लाखो बायकांचं नाव पहिल्यांदा कागदावर आलं. हिरडा गुरुजींनी आजीला यादी वाचून दाखवली, ते त्याच जातकुळीतलं.

वेदवती

मावशी, हे फार आवडलं.

सातपुडा, एक राहिलंच. १९८० चं काय? जनता पक्षाच्या भांडणांना कंटाळून लोकांनी त्याच इंदिरा गांधींना ३५३ जागा दिल्या. महाराष्ट्राने ४८ पैकी ३९. तुमच्या गुरुजींच्या हिशेबाने मग १९७७ ला शाबूत असलेली नीतिमत्ता तीन वर्षांत कुठे गेली?

सातपुडा (धागाकर्ता)

वेदवतीताई, माझ्या मते लोकांनी आणीबाणीला माफी दिली नाही. जनता पक्षाने कारभार करून दाखवला नाही, कांदा महागला, पंतप्रधानपदासाठी म्हाताऱ्यांनी सरकार पाडलं, आणि पाचोळांनी लिहिलं त्याप्रमाणे दलितांना या सरकारात आपलं कोणी दिसलं नाही. पाचोळा, तुमचा मुद्दा मला सर्वांत जास्त लागला. चटका दुसऱ्याला बसल्यावर मत फिरतं का, हे विचारताना 'दुसरा' म्हणून माझ्या डोळ्यांपुढे तुरुंगातले पुढारी होते. बेलछीची बाई दुसरी नव्हे का? पोचिराम कांबळेंचं घर दुसरं नव्हे का? त्यांच्यासाठी या देशात एकाही निवडणुकीत सरकार पडलेलं नाही.

पण १९७७ ते १९८० या काळातली एक गोष्ट मी जमेस धरतो. १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती. 'अंतर्गत अशांतता' हे आणीबाणीचं कारण काढून तिथे 'सशस्त्र उठाव' घातला, आणि कलम २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असं लिहून ठेवलं. राज्यसभेत तेव्हा काँग्रेसचं बळ मोठं होतं, त्यांच्या मतांशिवाय ती दुरुस्ती मंजूर होणं शक्य नव्हतं. म्हणजे ज्या बाकांवरून आणीबाणीला होकार गेला, त्याच बाकांवरून तिचे हात बांधायलाही मतं पडली. १९८० ला इंदिरा गांधी परत आल्या तेव्हा ती कलमं तशीच राहिली. निकाल दोनदा उलटला, ही तरतूद उलटली नाही.

बालाघाट, तुमच्या चुलत आजोबांसारखी माणसं आता फार थोडी उरली असतील. बार्शी भागातल्या कोणाच्या घरी त्या जानेवारीची हकीकत सांगणारं कोणी असेल, तर त्यांची परवानगी घेऊन, नाव न देता, इथे लिहावं. विधेयकावरच्या विधिमंडळातल्या चर्चेची छापील कार्यवृत्तं मुंबईच्या ग्रंथालयात पाहायला मिळतात का, याची चौकशी मी करतो. कोणी काय भाषण केलं ते वाचायचं आहे. विरोधात कोण उभं राहिलं, तेही.

बालाघाट

आईला विचारतो. ती बोलेल असं वाटतंय, आता विचारणारं कोणी आहे म्हटल्यावर. कार्यवृत्तं मिळाली तर मलाही कळवा, सोबत येईन.